राजकारणाची पहिली पायरी गावातच!
बारामती-इंदापूरच्या तरुण मतदारांपुढील संधी आणि अडथळे

प्रतिनिधी

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन शेजारी तालुके. नीरा डाव्या कालव्याने जोडलेले, उसावर पोसलेले आणि राजकारणावर वाढलेले. चहाच्या टपरीवर, एसटी स्थानकात, कारखान्याच्या गेटवर कोणत्याही ऋतूत चालणारा विषय एकच असतो : कोण कोणाच्या गटात गेले आणि कोणाचे पॅनेल येणार. राज्याला मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री आणि विधिमंडळात दीर्घकाळ वजन राखून असलेले नेते देणाऱ्या या भागातील तरुणांना राजकारणाची आवड नाही, असे कोणीही म्हणणार नाही.

तथापि, आवड असणे आणि सहभाग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लेक्सवर छायाचित्र झळकणे, नेत्याच्या वाढदिवसाला मोटारसायकल फेरी काढणे, प्रचाराच्या काळात पंधरा दिवस गाडीतून फिरणे, एवढ्यालाच सहभाग मानले जाऊ लागले आहे. गावाच्या विकास आराखड्यात काय आहे, नगरपरिषदेचा पैसा कोठे खर्च होतो, कालव्याचे आवर्तन कोण ठरवतो, हे प्रश्न मात्र 'मोठ्यांचे' म्हणून सोडून दिले जातात. दुसरीकडे, शिक्षण-नोकरीसाठी पुण्यात आलेला याच भागातील तरुण 'राजकारण हे आपले काम नव्हे' म्हणून हात झटकतो. एक जण राजकारणाचा वाजंत्री होतो, दुसरा प्रेक्षक. निर्णयाच्या खुर्चीपाशी दोघेही पोहोचत नाहीत.

प्रत्यक्षात कायद्याने तरुणांसाठी दारे बरीच उघडी ठेवली आहेत. ती कोणती, त्यातली कोणती गेल्या काही वर्षांत बंद राहिली आणि सामान्य घरातल्या मुला-मुलींना त्यातून आत कसे जाता येईल, याचा हा आढावा.

अठरा, एकवीस आणि पंचवीस

भारतात मतदानाचे वय पूर्वी २१ वर्षे होते. १९८८ मध्ये संमत झालेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वर्षांच्या मतदारांनी प्रथमच मतदान केले. उमेदवारीचे वय मात्र वेगळे आहे. लोकसभा आणि विधानसभेसाठी किमान २५ वर्षे, तर राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी ३० वर्षे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये एक तिसरा टप्पा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिका या संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. त्यांच्या निवडणुकीसाठी किमान वय २१ ठेवण्यात आले. म्हणजे आमदारकीचा अर्ज भरण्याच्या चार वर्षे आधीच एखादी तरुणी गावची सरपंच होऊ शकते किंवा एखादा तरुण नगरपरिषदेत प्रभागाचे प्रतिनिधित्व करू शकतो. अठराव्या वर्षी मत, एकविसाव्या वर्षी गावाचा कारभार आणि पंचविसाव्या वर्षी विधानसभा, अशी ही शिडी आहे. मधली पायरी गाळून वर उडी मारणे फार थोड्यांना जमते आणि ज्यांना जमते त्यांच्या पाठीशी बहुधा आडनाव असते.

मोठ्यांचीही सुरुवात छोट्या सभागृहातून

या भागाचा राजकीय इतिहास पाहिला, तरी हीच पायरी ठळकपणे दिसते. शरद पवार यांच्या मातुःश्री शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. स्त्रियांनी सार्वजनिक सभेत बोलणेही अप्रूप मानले जाई, त्या काळात एक शेतकरी कुटुंबातील स्त्री बोर्डाच्या बैठकांना नियमितपणे जात होती. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. लोकल बोर्ड हा त्यांचा पूर्वावतार.

याच घरातील १९६० ची एक घटना आजच्या तरुणांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. केशवराव जेधे यांच्या निधनामुळे बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शरद पवार यांचे थोरले बंधू वसंतराव हे शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते, तर काँग्रेसने गुलाबराव जेधे यांना उभे केले होते. एकोणीस वर्षांचे शरद पवार काँग्रेसचे काम करीत होते. त्यांनी सख्ख्या भावाच्या विरोधात प्रचार केला. मतदानाचे वय तेव्हा २१ असल्याने त्यांना स्वतःला मतही देता येणार नव्हते. घरात मतभेद होते, पण ते घर मोडण्याचे कारण ठरले नाहीत. पुढे १९६२ मध्ये पुणे जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये प्रदेश युवक काँग्रेसचे चिटणीसपद आणि १९६७ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी बारामतीची आमदारकी, असा त्यांचा प्रवास झाला. १९७८ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते.

अजित पवार यांची सुरुवात सहकारातून झाली. १९८२ मध्ये, विशीच्या प्रारंभी, ते साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर निवडून गेले. १९९१ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी बारामतीची खासदारकी त्यांच्याकडे आली. पुढच्या पिढीतील रोहित पवार यांनी २०१७ मध्ये बारामती तालुक्यातील शिर्सुफळ-गुणवडी गटातून जिल्हा परिषदेची निवडणूक जिंकली आणि त्यानंतर दोन वर्षांनी कर्जत-जामखेडची आमदारकी.

इंदापूरचा नकाशाही याहून वेगळा नाही. शंकरराव पाटील यांच्यानंतर त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ मध्ये तिशीच्या प्रारंभी अपक्ष म्हणून निवडून आले आणि पुढील तीन निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. २०१४ मध्ये त्यांचा पराभव करणारे दत्तात्रय भरणे हे साखर कारखाना आणि जिल्हा परिषद या वाटेने विधानसभेपर्यंत आले होते. हर्षवर्धन पाटील यांच्या कन्या अंकिता पाटील २०१९ च्या पोटनिवडणुकीत बावडा-लाखेवाडी गटातून जिल्हा परिषदेवर निवडून गेल्या.

या उदाहरणांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की ज्यांना राजकारणाचे बाळकडू घरातच मिळाले, त्यांनीही प्रत्यक्ष उमेदवारी बऱ्याचदा खालच्या पायरीपासून सुरू केली. दुसरा निष्कर्ष अधिक कटू आहे. खालची पायरीसुद्धा हळूहळू घराण्यांच्या उमेदवारीची जागा बनत चालली आहे. सामान्य कार्यकर्त्याने वर्षानुवर्षे सतरंज्या उचलायच्या आणि गटाचे तिकीट मात्र नेत्याच्या मुलाला किंवा सुनेला जायचे, ही तक्रार कोणत्याही एका पक्षापुरती मर्यादित नाही.

नऊ वर्षे बंद राहिलेली शाळा

स्थानिक स्वराज्य संस्था ही लोकशाहीची पाठशाळा आहे, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो. ही शाळा राज्यात दीर्घकाळ बंद होती.

बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची फेब्रुवारी २०१७ मध्ये. पाच वर्षांची मुदत संपल्यावर पुन्हा निवडणूक व्हायला हवी होती. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निकाल, त्यानंतर नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचनेतील फेरबदल आणि त्यावरील याचिका यांत वर्षे उलटली. संस्थांचा कारभार प्रशासकांकडे गेला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. नगरपरिषदांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. बारामतीत ते २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावे लागले. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची निवडणूक त्याहूनही पुढे, २०२६ मध्ये गेली.

याचा तरुणांच्या दृष्टीने अर्थ काय? २०१६ मध्ये नऊ वर्षांचे असलेले मूल २०२५ मध्ये मतदार झाले. त्यावेळी सतरा वर्षांचा असलेला, थोडक्यात मतदान हुकलेला तरुण आपल्या शहराच्या कारभाराबद्दल पहिले मत देईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला. उमेदवारीचे वय पूर्ण करूनही चार-पाच वर्षे निवडणूकच नाही, म्हणून थांबून राहिलेल्यांची संख्या वेगळीच. नगरसेवकाकडे नळाची, गटाराची, दिव्याची तक्रार घेऊन जायचे, त्याने कामे केली नाहीत तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवायचे, हा लोकशाहीचा सर्वांत सोपा धडा या पिढीला मिळालाच नाही. प्रशासकाला निवेदन देता येते. त्याला मताने बदलता येत नाही.

ग्रामपंचायतींची स्थिती तुलनेने बरी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान झाले आणि त्यानंतरही टप्प्याटप्प्याने निवडणुका होत राहिल्या. परंतु तेथे 'बिनविरोध'चे आकर्षण आहे. भांडणे नकोत, खर्च नको, सरकारी बक्षीस मिळेल, अशा कारणांनी चार ज्येष्ठ पारावर बसून नावे ठरवतात. एकोप्याने निवड होणे चांगलेच. पण या बैठकीला तरुण आणि स्त्रिया किती असतात, हे विचारायला हवे. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द करावी लागली. एकमताच्या नावाखाली कशाकशाची बोली लागू शकते, याचा हा नमुना.

महाविद्यालयात निवडणूक का नाही?

दुसरी बंद शाळा महाविद्यालयांची आहे. साठ-सत्तरच्या दशकातील अनेक नेते विद्यार्थी संसदेच्या निवडणुकांतून पुढे आले. पुढे या निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि निवडणुका बंद करण्याच्या मागणीने जोर धरला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवून गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी परिषदेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली.

त्यानंतर निवडणूक पूर्ण टाळण्यापेक्षा तिला शिस्त लावावी, हा विचार पुढे आला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये काही शिफारशी केल्या : उमेदवारासाठी वयोमर्यादा, ७५ टक्के हजेरीची अट, छापील फलकांना बंदी आणि प्रत्येकी पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वीकारल्या. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांचा मार्ग पुन्हा मोकळा केला. २०१९ मध्ये वेळापत्रकही ठरले होते. परंतु विधानसभा निवडणूक तोंडावर असल्याचे कारण देऊन ते पुढे ढकलण्यात आले आणि त्यानंतर करोनाची साथ आली.

बारामतीसारख्या शहरात तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांत आसपासच्या तालुक्यांतून हजारो मुले-मुली येतात. इंदापूर, भिगवण, दौंड, फलटणकडची मुले एका वर्गात बसतात. जातीच्या आणि गावच्या सीमा ओलांडून आपले म्हणणे मांडायचे, हरल्यावर निकाल मान्य करायचा, जिंकल्यावर विरोधकाला बरोबर घ्यायचे, हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगली जागा कोणती? गैरप्रकारांची भीती खरी आहे. परंतु अठराव्या वर्षी खासदार निवडण्यास जो पात्र ठरतो, तो वर्गप्रतिनिधी निवडण्यास अपात्र कसा, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

उसाच्या फडातली दुसरी मतपेटी

या दोन तालुक्यांत विधानसभेइतक्याच चुरशीने लढवली जाते ती साखर कारखान्याची निवडणूक. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या निवडणुकीत गावेच्या गावे पॅनेलमध्ये विभागली जातात. उसाला भाव किती, तोड वेळेवर येणार का, कामगार भरती कशी होणार, हे घरातल्या चुलीशी जोडलेले प्रश्न असल्याने ही चुरस स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये छत्रपती आणि माळेगाव कारखान्यांच्या निवडणुकांनी राज्याचे लक्ष वेधून घेतले होते.

मात्र येथे मत माणसाला नसते, सभासदाला असते. विधानसभेला अठरा वर्षे पूर्ण झाली की मत मिळते. कारखान्यात नावावर शेअर असावा लागतो. बहुसंख्य घरांत सात-बारा आणि शेअर दोन्ही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. परिणामी ऊस लावणारा, पाणी देणारा, टोळीमागे फिरणारा मुलगा तिशी ओलांडली तरी कारखान्याच्या दृष्टीने कोणीच नसतो. घरातील स्त्रियांची अवस्था याहून वेगळी नाही. सहकार चळवळीतील संचालक मंडळे वयस्क का दिसतात, याचे एक कारण नेत्यांच्या मनोवृत्तीत, तर दुसरे भागधारकांच्या यादीत आहे. सहकारी संस्थेचे सभासद होण्यास कायद्याने अठरा वर्षे पुरेशी आहेत. विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था येथे सभासदत्व घेणे तुलनेने सोपे आहे. तरुणांनी तेथून सुरुवात करावी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी वारस नोंदी व शेअर हस्तांतरण मृत्यूची वाट न पाहता करावे, ही साधी गोष्टही मोठा फरक घडवू शकते.

पैसा आणि आडनाव

'निवडणूक लढवायला पैसा कोठून आणायचा?' हा सर्वांत नेहमीचा प्रश्न. कायद्यातील आकडे आणि गावातील चर्चेतले आकडे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विधानसभेसाठी २०२२ पासून ४० लाख रुपयांची, तर लोकसभेसाठी ९५ लाखांची खर्चमर्यादा लागू झाली. त्याच वर्षीच्या ग्रामपंचायत निवडणुकांत सात ते नऊ सदस्यांच्या लहान ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २५ हजार, तर थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला ५० हजार रुपयांची मर्यादा होती. प्रत्यक्षात जेवणावळी, गाड्या आणि पाकिटे यांवर होणारा खर्च कोणत्याच हिशेबवहीत दिसत नाही. तरुणांना दूर ठेवणारी खरी भिंत ही आहे.

याचा परिणाम वरपर्यंत दिसतो. पहिल्या लोकसभेत सुमारे एक चतुर्थांश खासदार चाळिशीच्या आतले होते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेत हे प्रमाण जेमतेम ११ टक्क्यांवर आले असून सभागृहाचे सरासरी वय ५६ वर्षे होते. देश तरुण होत गेला आणि सभागृह मात्र वयस्क. जे थोडे तरुण पोहोचतात त्यांतही घराण्यांचा वाटा मोठा. २०२४ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळमधून वयाच्या पंचविसाव्या वर्षी रोहित पाटील आमदार झाले, ते आर. आर. पाटील यांचे पुत्र. आर. आर. पाटील स्वतः मात्र अत्यंत साध्या घरातून, १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून पुढे आलेले होते. त्याच २०२४ मध्ये बारामती लोकसभेची प्रमुख लढत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, तर विधानसभेची अजित पवार आणि युगेंद्र पवार यांच्यात झाली. दोन्ही वेळा मतदारापुढचे प्रमुख पर्याय एकाच कुटुंबातले होते.

घराण्यातील व्यक्तीला उमेदवारीचा अधिकार नाही, असे कोणी म्हणू नये. मतदार त्यांना निवडूनही देतात आणि पाडतातही. आक्षेप आहे तो प्रवेशपरीक्षा सर्वांना सारखी नसण्याला. राजकीय पक्षांच्या युवक आघाड्या या सामान्य घरातल्या मुलांसाठी शिडी ठराव्यात, अशी अपेक्षा असते. युवक काँग्रेस, भारतीय जनता युवा मोर्चा, २०१० मध्ये स्थापन झालेली युवा सेना, २०१२ च्या सुमारास सुप्रिया सुळे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रवादी युवती काँग्रेस, अशा संघटना आहेत. परंतु त्यांतील पदे बहुतांशी नियुक्तीची. ज्याने नेमले त्याच्याशी निष्ठा, हेच मग कार्यकर्त्याचे भांडवल ठरते.

स्त्रियांच्या बाबतीत एक दार निश्चितपणे उघडले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव केल्या. त्यामुळे पदवीधर मुली, सुना गावच्या सरपंच झाल्याची उदाहरणे तालुक्यातालुक्यांत दिसू लागली. त्याचबरोबर सहीपुरत्या सरपंच आणि कारभार पाहणारे पतिराज, हेही चित्र आहेच. ते बदलायचे तर शिकलेल्या तरुणींनी स्वतःच्या इच्छेने उमेदवारी मागायला हवी.

रिकामी ग्रामसभा, भरलेली तक्रारपेटी

निवडणूक पाच वर्षांनी येते. मधल्या काळात काय? येथे ग्रामसभा येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. त्यासाठी कोणाच्या तिकिटाची, आडनावाची किंवा पैशाची गरज नाही. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. बहुतेक ठिकाणी तेवढेही लोक येत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग दहा-पंधरा लोकांच्या उपस्थितीत ठराव संमत होतात आणि उरलेले गाव वर्षभर तक्रार करीत राहते.

या ठरावांमागे पैसा असतो, हे ध्यानात घ्यायला हवे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ८० टक्के रक्कम महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींकडे गेली. त्यातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. तो कसा खर्च करायचा, याचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. अंदाजपत्रक वाचू शकणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, मोजमाप तपासू शकणारी स्थापत्य पदविकेची विद्यार्थिनी सभेला बसली, तर चर्चेचा सूर बदलतो. माहिती मिळाली नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. दुष्काळ, व्यसन आणि भांडणांनी पोखरलेल्या त्या गावातील तरुणांनी १९८९ च्या सुमारास शिकलेला सरपंच हवा, असा आग्रह धरला आणि एम.कॉम. झालेले पोपटराव पवार वयाच्या तिशीत सरपंच झाले. त्यापुढची जलसंधारणाची कहाणी देशाने पाहिली. तिची सुरुवात मात्र ग्रामसभेत मागणी करणाऱ्या काही तरुणांपासून झाली, हे विसरले जाते.

इंदापूरपुरते बोलायचे तर पाण्याहून मोठा प्रश्न नाही. उजनी धरणासाठी तालुक्यातील गावे उठली, जमिनी बुडाल्या आणि तरीही कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी आवर्तनाची वाट पाहत असतो. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला आणि सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध होताच महिन्याभरात तो रद्दही झाला. दोन्ही बाजूंनी घोषणा देणारे तरुण पुष्कळ होते. धरणाचा पाणीवाटपाचा आराखडा वाचलेले किती होते? घोषणेला अभ्यासाची जोड मिळाली, तर तरुणांना कोणालाही सहज वापरून घेता येणार नाही.

पहिले काम : यादीत नाव

या सगळ्याची सुरुवात एका साध्या अर्जापासून होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात १८-१९ वयोगटातील सुमारे १.८ कोटी मतदारांची नोंद झाली होती. लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिले, तर या वयोगटातील निम्म्याहून अधिक तरुण यादीबाहेरच होते. आपल्या एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी इंदापूरचा २०१९ चा निकाल आठवावा. तेथील फरक तीन हजार मतांच्या आसपास होता. प्रत्येक मतदान केंद्रावर दहा-बारा नवे मतदार वाढले असते, तर निकाल कोणत्याही बाजूला झुकू शकला असता.

नोंदणीबाबत ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी अशा :

- पूर्वी केवळ १ जानेवारी ही पात्रतेची तारीख होती. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

- नव्या नोंदणीसाठी नमुना क्रमांक ६, तर पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा. अर्ज ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे.

- शिक्षणासाठी बारामतीत किंवा पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्यांना महाविद्यालयाच्या प्रमाणपत्राच्या आधारे तेथे नाव नोंदवता येते किंवा गावचे नाव कायम ठेवता येते. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे.

- स्थानिक संस्थांच्या निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी वापरली जाते, परंतु ती एका ठराविक तारखेची असते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरण्यात आली. त्यानंतर अठरा वर्षे पूर्ण झालेले अनेक जण वंचित राहिले. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता वय पूर्ण होताच नाव नोंदवावे.

- उमेदवारीचा विचार असलेल्यांनी पात्रतेचे नियम आधीच पाहावेत. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, ग्रामपंचायतीची थकबाकी चालत नाही आणि सरकारी जागेवरील अतिक्रमणामुळे सदस्यत्व जाऊ शकते.

राजकारण वाईट म्हणून?

'चांगल्या घरच्या मुलांनी राजकारणात पडू नये,' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत आजही सर्रास ऐकू येते. 'पडणे' हे क्रियापदच पुरेसे बोलके आहे. परंतु पाण्याचे आवर्तन, शाळेतील शिक्षक, औद्योगिक वसाहतीतील रोजगार, परीक्षांचे वेळापत्रक, एसटीच्या फेऱ्या, हे सर्व निर्णय राजकारणातच होतात. त्यापासून दूर राहणारा मनुष्य निर्णयातून बाहेर पडतो. निर्णयाच्या परिणामातून त्याची सुटका होत नाही.

बारामती आणि इंदापूरच्या तरुणांना राजकारणाचे शब्द, डावपेच आणि इतिहास शिकवण्याची गरज नाही. ते त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. गरज आहे ती 'आपला नेता कोण' या प्रश्नाआधी 'आपला प्रश्न कोणता' हे विचारण्याची. आगामी ग्रामसभेची तारीख गावच्या सूचनाफलकावर लागेल. शंभर जणांची गणपूर्ती पुरी करण्यासाठी पंचवीस तरुण एकत्र आले, तरी ती सभा तहकूब करणे कोणालाही सोपे जाणार नाही. विधानसभेचा रस्ता लांबचा आहे आणि तो सर्वांनी चालावा असेही नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंतचा रस्ता मात्र प्रत्येकाच्या घरापासून जातो.